कोसंबींचा तराजू आणि पहिल्या वर्षाचा स्टॅट्सचा पेपर

गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर 'स्टॅट्स' हा शब्द उच्चारून पाहा. निम्मे चेहरे उतरतात. कॉमर्सची मुले तो पेपर 'काढायचा' असे म्हणतात, जसा ओला पाय चिखलातून काढावा तसा! पुढे बँकेत लागलेली, दुकान चालवणारी, मुंबईला गेलेली ही मंडळी वीस वर्षांनी भेटली की त्यांना आठवतो तो एक लांबलचक तक्ता. पहिल्या रकान्यात क्ष, दुसऱ्यात क्ष वजा सरासरी, तिसऱ्यात त्याचा वर्ग, आणि खाली बेरजेचे ते ग्रीक चिन्ह सिग्मा. बेरीज जुळली तर पास, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळे कशासाठी चालले होते हे मात्र कुणाला आठवत नाही, कारण बहुधा ते कुणी सांगितलेलेच नसते.

या अभ्यासक्रमाचा क्रम जगभर साधारण एकच असतो. आधी सरासरी, मग विखुरणे, मग दोन गोष्टींमधला संबंध, मग ती प्रसिद्ध सरळ रेषा, शेवटी संभाव्यता आणि चाचण्या. प्रत्येक धड्याच्या मागे कुणीतरी एक माणूस आहे आणि त्याला पडलेली एक खरीखुरी अडचण आहे. पुस्तके लिहिताना माणूस गाळला गेला, अडचण गाळली गेली, आणि सूत्र तेवढे उरले. आणि याच पहिल्या वर्षाच्या धड्यांच्या बळावर, त्यापुढचे फारसे काही न वापरता, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मुक्या धातूला बोलते करणारा माणूस आपल्या गोव्यातला होता. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांचा इतिहास मात्र तराजूपासून सुरू झाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

त्या तराजूकडे जाण्याआधी थोडे या शास्त्राच्या नावाविषयी. अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून 'स्टाटिस्टिक' नावाचा विषय शिकवला जाई, आणि गंमत म्हणजे त्यात गणित जवळजवळ नव्हतेच. राज्यात प्रजा किती, शेती कोणती, सैन्य केवढे, महसूल किती, याचे वर्णन म्हणजे तो विषय. राज्याविषयीची माहिती म्हणून 'स्टेट'वरून 'स्टॅटिस्टिक्स'. आम्हां गोमंतकीयांना हे समजायला जड जाऊ नये, कारण 'एस्तादु द इंडिया'मधला 'एस्तादु' आणि पोर्तुगीज 'एस्तातीश्तिका' ही एकाच मुळाची दोन पाने. राजाच्या वहीतला हा विषय माणसांच्या मोजमापाकडे वळवला तो एकोणिसाव्या शतकात अदोल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने. एकाच ताऱ्याची जागा दहा वेळा मोजली तर दहा उत्तरे थोडी थोडी वेगळी येतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ त्यांची सरासरी काढत. केतलेने हीच युक्ती माणसाला लावली, ५७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा तक्ता घेतला, आणि त्यातून घंटेच्या आकाराची ती वक्ररेषा दिसते असे दाखवले. त्याच्या 'सरासरी माणसा'वर पुढे पुष्कळ टीका झाली, तीही रास्तच होती. असो.

आता दामोदर धर्मानंद कोसंबी. धर्मानंदांचे 'निवेदन' वाचलेल्यांना हे घराणे सांगायला नको. सांखवाळसारख्या गावातून बुद्धाच्या शोधात बाहेर पडलेला आणि पालीचा जगन्मान्य पंडित होऊन राहिलेला बाप, आणि त्याचा हा मुलगा, जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातच. १९१८ साली अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेला गेला, तिथल्या केंब्रिज गावात शाळा शिकला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी उत्तम रीतीने घेऊन भारतात परतला. बनारस, अलिगढ करत १९३० च्या दशकात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. धर्मानंद ज्या कॉलेजात १९१२ ते १९१८ पाली शिकवत होते, त्याच कॉलेजात.

गोव्यात २००८ पासून कला अकादमीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरू लागला. जन्मशताब्दीच्या त्या काळात त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. मार्क्सवादी म्हणून, बंडखोर म्हणून, 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'चे (१९६२) लेखक म्हणून. त्या पुस्तकात जुन्या काबिजादींतल्या गावकरींवर एक प्रकरण आहे, त्यामुळे आपल्याला ते अधिक जवळचे. पण या इतिहासकाराकडे इतिहासाची पदवी नव्हती. तो गणिती होता, आणि इतिहासात तो शिरला तो मागच्या दाराने. कोसंबींनी स्वतःच नंतर लिहून ठेवले आहे की संख्याशास्त्र शिकायचे म्हणून त्यांनी एक प्रत्यक्षातला प्रश्न हाती घेतला. पुस्तकातली उदाहरणे सोडवून हा विषय येत नाही, हे त्यांना कळले होते. तो प्रश्न होता आहत नाण्यांचा.

आहत नाणी म्हणजे आपल्या देशातली सर्वांत जुनी नाणी. संस्कृत-पाली ग्रंथांतले 'कार्षापण' ते हेच. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जास्त भरले तर कोपरा छाटायचा, आणि एका बाजूला छोट्या छोट्या ठशांनी खुणा ठोकायच्या. सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, डोंगर, हत्ती, झाड... बहुतेक नाण्यांवर दर्शनी बाजूला अशा पाच खुणा. मागच्या बाजूला मात्र काहींवर बारीक खुणा, कुणावर एक, कुणावर चार, कुणावर काहीच नाही. वजन बत्तीस रतींचे, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम. आणि मुख्य म्हणजे अक्षर एकही नाही! राजाचे नाव नाही, साल नाही, टांकसाळ नाही. लिखित इतिहासावर वाढलेल्या अभ्यासकाने अशा नाण्याचे करावे काय? बरेचसे नाणेतज्ज्ञ खुणांची चित्रे काढून त्यांचा अर्थ लावत बसले होते. हा डोंगर अमक्या राजवंशाचा, तो मोर तमक्याचा. ज्याची कल्पना जास्त धावेल त्याचा अर्थ मोठा.

तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली मातीच्या भांड्यातला असा एक साठा सापडला होता. त्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती आणि त्यांच्याबरोबर अलेक्झांडरची दोन व त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक नाणे, जवळजवळ नवीकोरी. म्हणजे हा साठा इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस कधीतरी पुरला गेला असणार. या नाण्यांची यादी, खुणा आणि वजने पुरातत्त्व खात्याने १९३९ साली पुस्तकरूपाने छापली. चित्रे बघणाऱ्यांनी चित्रे बघितली. कोसंबींनी वजनांचा रकाना बघितला.

इथून पुढे पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सुरू होतो, धडा पहिला, सरासरी. नाणे हातोहात फिरते. प्रत्येक हातात, थैलीत, मोजताना, आपटून पाहताना त्याची धातू किंचित झिजते. एका नाण्यावरून काही सांगता येत नाही, कारण ते मुळातच हलके कापले गेले असेल किंवा जमिनीत खराब झाले असेल. पण एकाच प्रकारची शंभर नाणी घेतली तर अशा उण्याअधिक गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, आणि सरासरी वजन हे ती किती काळ बाजारात होती याचे घड्याळ बनते. हे घड्याळ वर्षे सांगत नाही, पण आधी कोण आणि नंतर कोण एवढे सांगते. इतिहासाला पहिल्यांदा तेवढेच हवे असते.

पण झीज खरोखर अशी नियमाने होते कशावरून? इथे कोसंबींनी जे केले ते मला सगळ्यांत थोर वाटते. त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी घेतली. त्यांच्यावर साल छापलेले असते, म्हणजे बाजारात किती वर्षे फिरली ते आयतेच कळते. ती गोळा केली, अचूक तराजूवर एकेक करून तोलली आणि सालवार मांडली. किती तोलली? हजारोंनी. ज्याने सोनाराच्या पेढीवर दहा दागिन्यांचे वजन होईपर्यंत वाट पाहिली आहे त्याने या कामाची कल्पना करावी. १९४२ साली 'करंट सायन्स'मध्ये चलनातल्या फिरण्याचा नाण्यांच्या वजनावर होणारा परिणाम या विषयावर त्यांचा लेख आला. निष्कर्ष साधा होता. जितकी वर्षे फिरले तितके सरासरी वजन कमी. आणि दुसरे म्हणजे, जितकी वर्षे फिरले तितका नाण्यानाण्यांतला फरक जास्त.

हे दुसरे म्हणजे धडा दुसरा. पुस्तकात त्याला 'प्रमाण विचलन' म्हणतात, मुले 'एस. डी.' म्हणतात. समजा तुमच्याकडे पाच नाण्यांचे दोन गट आहेत. पहिल्याची वजने ३.३८, ३.४०, ३.४१, ३.४२, ३.४४ ग्रॅम. दुसऱ्याची ३.१०, ३.३०, ३.४५, ३.५५, ३.६५. दोन्ही गटांची सरासरी ३.४१ च! सरासरीवर विसंबणाऱ्याला दोन्ही गट सारखेच. पण पहिला गट काळजीपूर्वक कापलेला आणि फारसा न फिरलेला दिसतो, दुसरा एक तर निष्काळजीपणे कापलेला किंवा वेगवेगळ्या नशिबांतून गेलेला. टांकसाळीतून एका दिवशी निघालेली दोन नाणी घ्या. एक श्रीमंताच्या पेटीत पडून राहते, दुसरे मासळी बाजारात दिवसाला दहा हात बदलते. वीस वर्षांनी दोघांच्या वजनांत अंतर पडणारच. विखुरणे हा चुकांचा हिशेब नसून नाण्यांच्या आयुष्याचा हिशेब आहे, हे तो लांबलचक तक्ता भरताना मुलाला कुणी सांगितले तर त्याचा हात थोडा उत्साहाने चालेल असे मला वाटते.

प्राचीन नाण्यांकडे परत येताना कोसंबींना याचा उपयोग झाला. मौर्यपूर्व काळातल्या नाण्यांची वजने एकमेकांच्या जवळ होती. नंतरच्या मौर्य काळातल्या साठ्यात मात्र चांदी कमी, तांबे जास्त, घडण ओबडधोबड आणि वजनांचा विस्कटलेपणाही जास्त. कुणा राजाच्या प्रशस्तीत लिहिलेली नसलेली गोष्ट तिथे आकड्यांत लिहिलेली होती. राज्याला पैसा घाईने आणि भरपूर पाडावा लागत होता.

आता त्या मागच्या बारीक खुणा. त्या कुणी आणि का मारल्या? कोसंबींनी नाण्यांचे गट पाडले, मागे एक खूण असलेली, दोन असलेली, तीन असलेली, असे. प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले, आणि खुणा वाढल्या की वजन उतरते असे दिसले, जवळजवळ सरळ रेषेत. म्हणजे खुणा एकदम मारलेल्या नव्हत्या, त्या काही काळाने एकेक करून पडत गेल्या होत्या. त्यांचा तर्क असा की नाणे अधूनमधून तपासले जाई, वजन-कस पाहिला जाई, आणि तपासणारा आपली खूण ठोकी. तपासणारे बहुधा व्यापारी, त्यांच्या श्रेणी. तसे असेल तर या नाण्यामागे राजापेक्षा सार्थवाह आणि सावकार उभे दिसतात. ज्या काळाविषयी आपल्याला फक्त राजांच्या याद्या आणि यज्ञ ठाऊक होते, त्या काळातला बाजार एका उतरत्या रेषेतून दिसू लागला.

ही रेषा म्हणजे मुलांना सर्वांत रटाळ वाटणारा 'रिग्रेशन'चा धडा. आपल्याकडे पुस्तकांत कुठे त्याला 'समाश्रयण' म्हणतात, कुठे 'प्रतिगमन'. पहिला शब्द भारदस्त आहे आणि काहीच सांगत नाही. दुसरा निदान मूळ गोष्ट सांगतो, मागे जाणे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ वयात आलेल्या मुलांच्या उंच्या त्यांच्या आईबापांच्या उंचीशी ताडून पाहिल्या (बायकांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापाला आणली होती!). त्याला दिसले ते असे की फार उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने आईबापांइतकी नाही. ती मधल्या उंचीकडे थोडी मागे येतात. या मागे येण्याला त्याने रिग्रेशन म्हटले आणि ते नाव त्या रेषेला कायमचे चिकटले. नाण्यांच्या वजनात मागे येण्याचा काही संबंध नाही, पण नाव तेच. याच गाल्टनने माणसांची पैदास सुधारण्याच्या शास्त्राला 'युजेनिक्स' हे नावही दिले, १८८३ साली. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली बरीच हत्यारे माणसांची प्रतवारी लावण्याच्या त्या कारखान्यात घडली आहेत, हे विद्यार्थ्याला कळलेले बरे. त्याच हत्याराने कोसंबींनी पुण्यात बसून चांदीचे तुकडे तोलले.

राहिला शेवटचा धडा, चाचणी. दोन गटांच्या सरासरी वजनांत थोडा फरक दिसला. तो खरा की नुसता योगायोग? दोन्ही गटांत हजार नाणी असतील तर एक गोष्ट, सातच असतील तर दुसरी. ही अडचण पहिल्यांदा नीट सोडवली ती दारूच्या कारखान्यात! डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्र शिकलेला तरुण होता. बार्लीचे वाण, हॉप्स, शेतांचे तुकडे, सगळीकडे नमुने थोडेच मिळायचे, आणि तेव्हाचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी बनलेले. त्याने ३००० गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या मधल्या बोटाच्या लांबीची छापील मापे घेतली, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्त्यांसारखी पिसली, चार-चारांचे ७५० गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी व विखुरणे काढले. गणिताने आलेले उत्तर प्रत्यक्षाशी जुळते का ते त्याला बघायचे होते. ते जुळले. कंपनी आपल्या नोकरांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून १९०८ साली तो लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने आला. आज लाखो विद्यार्थी 'स्टुडंट्स टी' शिकतात आणि हे नाव विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले आहे असे समजतात.

कोसंबींच्या काळात ही चाचणी रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळे संशोधकांच्या हाती आलेली होती. मात्र नाणेशास्त्रात तोवर तिची गरज कुणाला फारशी वाटली नव्हती. एखाद्या जाणत्याने हातात नाणे घेऊन 'हे जुने' म्हटले की ते जुने, अशी रीत. त्या रीतीत एक गणिती तराजू आणि तक्ते घेऊन येतो आणि वर जाणत्यांच्या चुका नावानिशी दाखवतो, म्हटल्यावर त्याचे स्वागत कसे झाले असेल ते सांगायला नको. कोसंबींची लेखणीही काही मऊ नव्हती.

त्यांचे सगळे निष्कर्ष टिकले असे मात्र नाही, आणि तसे म्हणणे त्यांनाच आवडले नसते. नंतरच्या नाणेतज्ज्ञांनी वेगवेगळे साठे ताडून, कुठल्या साठ्यात कुठले प्रकार एकत्र सापडतात ते पाहून, क्रम लावण्याची दुसरी पद्धत वापरली आणि काही ठिकाणी वेगळी उत्तरे काढली. मागच्या खुणा व्यापाऱ्यांच्या की सरकारी, यावरही मतभेद राहिले. मुख्य आक्षेप पहिल्या वर्षाच्या मुलालाही समजेल असा आहे. हलके म्हणजे जुने, हा नियम कधी चालतो? दोन्ही गटांची नाणी सुरुवातीला एकाच वजनाची असतील तेव्हाच. टांकसाळीनेच मधे वजनाचे माप बदलले असेल तर तराजू फसवेल. कोसंबींना हे ठाऊक होते, म्हणूनच एका साठ्यातल्या आणि एकाच मापाच्या नाण्यांवर त्यांचा भर होता. गृहीत काय धरले आहे ते उघड सांगायचे म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येते. चित्रांचे अर्थ लावणाऱ्यांच्या बाबतीत ती सोयच नव्हती.

नाण्यांचे गट आता क्रमाने लागले. पण मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी पुराणांतल्या राजवंशांच्या याद्या, बौद्ध-जैन ग्रंथ, कौटिल्याचे अर्थशास्त्र वाचणे आले, आणि त्यासाठी संस्कृतात खोल जाणे आले. पाली पंडिताच्या घरात वाढलेल्या या गणित्याने ते मन लावून केले. संस्कृताचा हात बसावा म्हणून घेतलेल्या भर्तृहरीच्या शतकांचे काम इतके वाढले की १९४८ साली त्यांची चिकित्सक आवृत्तीच तयार झाली. हस्तलिखितांचे गट पाडणे, कुठला श्लोक किती पोथ्यांत येतो ते मोजणे, हे कामही नाण्यांचे गट पाडण्याहून फार दूरचे नव्हते. त्यानंतर गावे, लेणी, बिरोबा-म्हसोबांची ठाणी, पायवाटा, सूक्ष्म दगडी हत्यारे, आणि १९५६ सालचा तो प्रसिद्ध भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा प्रास्ताविक ग्रंथ. एका विषयातून दुसरा असा निघत गेला. सुरुवात वजनाच्या रकान्यापासून.

त्यांचे अधिक अवघड संख्याशास्त्रीय कामही याच वर्षांतले. १९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी जो सिद्धांत मांडला तो पुढे युरोपातल्या कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला, आणि आता कुठे कुठे कोसंबींचे नाव त्यांच्या आधी जोडले जाते. संगणकाला चेहरे ओळखायला शिकवताना त्याच्याच घराण्यातली रीत वापरली गेली. १९४४ साली गुणसूत्रांवरची अंतरे काढण्याचे त्यांचे सूत्र आले. पिकांच्या जनुकांचे नकाशे बनवणारे शास्त्रज्ञ आजही 'कोसंबी' हे नाव रोज घेतात, आणि त्यातल्या कितीकांना हा माणूस इतिहासकार होता हे माहीत नसते! ते सूत्र छापले होते 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात. १९५४ साली त्या नियतकालिकाने आपले नाव बदलून घेतले. पुढे कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, १९६२ पर्यंत तिथे होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन येऊन. २९ जून १९६६ रोजी ते गेले. नाण्यांवरचे त्यांचे विखुरलेले लेख 'इंडियन न्युमिस्मॅटिक्स' या नावाने एकत्र झाले ते १९८१ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी.

गोव्यात कॉलेजे आली ती मुक्तीनंतर, १९६२ पासून, आधी मुंबई विद्यापीठाखाली आणि १९८५ पासून आपल्या स्वतःच्या. तेव्हापासून किती मुलांनी स्टॅट्सचा पेपर 'काढला' असेल! उदाहरणे मात्र ठरलेली. 'क्ष' कंपनीच्या कामगारांचे पगार, 'य' शाळेतल्या मुलांचे गुण, एका पेटीत पाच लाल आणि तीन काळे चेंडू. ती कंपनी कुणी पाहिलेली नाही, ते चेंडू कुणी काढलेले नाहीत. आकडेमोड आता संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करून देतो, तेव्हा रकाने भरण्याची हमाली शिकवण्यातही अर्थ उरलेला नाही. उरते ते कोसंबींनी केलेले काम. प्रश्न शोधायचा, स्वतः मोजायचे, आणि आपण काय गृहीत धरले ते ओळखायचे.

ते आपल्याकडे सहज करता येईल. जुन्या घरांतून १८८१-८२ सालचे लुईश राजाचे चांदीचे रुपये अजून निघतात. ते नवे असताना ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे ब्रिटिश रुपयाच्याच तोलाचे होते. कुणाच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनापुरते बाहेर आलेले, कुणाच्या दुकानात झिजलेले. वर्गातल्या मुलांनी घरोघरचे असे रुपये सोनाराच्या काट्यावर तोलून आणले तर त्यांच्यातले अंतर कशाचे, यावर एक तास सहज जाईल. तेवढे रुपये मिळाले नाहीत तर खिशातली एक रुपयाची नाणी घ्यावीत, साल पाहून मांडावीत, तोलावीत आणि रेषा काढावी. जुनी नाणी हलकी निघायला हवीत. पण १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा होता, २०११ पासूनचा ३.७९ चा आला आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ चा. सगळी नाणी एकत्र ओतून काढलेली रेषा नेमकी उलटी चढेल, जुने जड आणि नवे हलके. मग मुलांना विचारावे, अडीच हजार वर्षांनी हा साठा जमिनीतून निघाला आणि त्यावरचे साल पुसलेले असेल, तर तोलणारा यातला पहिला रुपया कोणता म्हणेल?